डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठांची घरी काळजी: पहिल्या शंकेपासून शेवटच्या टप्प्यापर्यंत

डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश हे एकाच आजाराचे नाव नाही. मेंदूतील पेशींची हानी करणारे अनेक आजार आहेत आणि त्यांच्यामुळे स्मरणशक्ती, भाषा, निर्णयक्षमता, दिशांचे भान आणि वागणूक इतकी ढासळते की रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर करता येत नाहीत. त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता. त्यांपैकी ६० ते ७० टक्के लोकांमध्ये त्याचे कारण अल्झायमर असते. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन मांडले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला, तरी तो पूर्ण बरा करणारे औषध अजून हाती आलेले नाही.

म्हणूनच या काळजीचा मोठा भाग दवाखान्यात नव्हे, तर घरात घडतो. रुग्णाचा मेंदू आता नव्या गोष्टी शिकून आपल्याशी जुळवून घेऊ शकत नाही, त्यामुळे जुळवून घेण्याचे काम घरातल्या इतरांकडे येते. भोवतालची जागा, दिनक्रम आणि आपली बोलण्याची पद्धत बदलली, तर त्रासाचा बराचसा भाग औषधाविना कमी होतो. पुढील सर्व सूचना याच भूमिकेतून लिहिल्या आहेत.

शंका येते तेव्हा

वय वाढले की नावे पटकन आठवत नाहीत, चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही. पण थोड्या वेळाने आठवते, आणि आपण विसरलो होतो याची जाणीवही असते. डिमेन्शियात चित्र वेगळे दिसते. तासाभरापूर्वी झालेले संभाषण पूर्ण पुसले जाते आणि तोच प्रश्न नव्याने विचारला जातो. वर्षानुवर्षे हातात बसलेल्या कामाचा क्रम चुकतो, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ उडतो, पैशांचे हिशेब जमेनासे होतात, शब्द सापडत नाहीत म्हणून बोलणे अर्ध्यावर तुटते. काहींमध्ये विस्मरणाआधी स्वभावच बदललेला जाणवतो: बोलका माणूस गप्प होतो, काटकसरी माणूस वाटेल तसा खर्च करू लागतो. ‘वयोमानाने असे व्हायचेच’ म्हणून हे बदल सोडून दिले जातात आणि उपयोगाची एक-दोन वर्षे हातची जातात.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन-तीन आठवडे एका वहीत नोंदी ठेवाव्यात. काय घडले, केव्हा घडले, ते अचानक सुरू झाले की हळूहळू, आणि त्यामुळे कोणते रोजचे काम अडले, एवढे लिहिले तरी पुरे. सोबत चालू असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी. दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या गोळ्याही तिच्यात असाव्यात. तपासणीच्या खोलीत रुग्ण अनेकदा कमालीच्या चोखपणे बोलतो आणि ‘मला काहीच त्रास नाही’ असे ठामपणे सांगतो. तो खोटे बोलत नसतो. आपल्यातली उणीव ओळखण्याची मेंदूची क्षमताच आजाराने घटवलेली असते. त्याच्यासमोर त्याच्या चुकांचा पाढा वाचणे त्याला अपमानास्पद वाटते, म्हणून नोंदींची वही डॉक्टरांच्या हाती आधीच द्यावी.

तपासणीत काय पाहिले जाते

डिमेन्शियासारखी दिसणारी पण उपचारांनी सुधारणारी काही कारणे आहेत आणि ती आधी वगळावी लागतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे कमी काम, नैराश्य, रक्तातील सोडियमचे घसरलेले प्रमाण, पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त, मेंदूतील पोकळ्यांमध्ये वाढलेला द्राव ही त्यांतील महत्त्वाची. ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, झोपेची औषधे आणि लघवीची घाई कमी करणारी काही औषधेही ज्येष्ठांच्या बुद्धीवर धुके आणतात. ऐकू कमी येत असेल, तर माणूस विसरला की त्याला मुळात ऐकूच आले नाही, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून कानांची आणि डोळ्यांची तपासणीही करून घ्यावी. रक्ताच्या चाचण्या, सीटी किंवा एमआरआय आणि ३० गुणांची एखादी प्रश्नावली एवढ्यावर बहुतेक ठिकाणी निदानाचा पाया घातला जातो. प्रश्नावलीचे गुण शिक्षण, भाषा आणि त्या दिवसाचा थकवा यांवरही अवलंबून असतात, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

एक फरक प्रत्येक घराने पाठ करून ठेवावा. डिमेन्शिया महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस एकदम भ्रमिष्टासारखा वागू लागला, कधी गुंगीत तर कधी अतिशय अस्वस्थ दिसू लागला, तर तो डिलिरियम असतो. संसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता, तुंबलेली लघवी, तीव्र बद्धकोष्ठता, शस्त्रक्रिया किंवा नवे औषध ही त्याची नेहमीची कारणे होत. ज्याला डिमेन्शिया आहे त्याला डिलिरियम होण्याचा धोका अधिक असतो आणि ‘आजार वाढला’ असे समजून घरचे लोक थांबून राहतात. तसे न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

कोणता प्रकार, हे का विचारावे

निदानाच्या कागदावर नुसते ‘डिमेन्शिया’ लिहिले असेल, तर प्रकार कोणता हे आवर्जून विचारावे. अल्झायमरमध्ये मेंदूतील नव्या आठवणी साठवणारा भाग लवकर बिघडतो. म्हणून आजचे जेवण आठवत नाही, पण तरुणपणीचे प्रसंग तपशिलांसह सांगता येतात. रक्तवाहिन्यांच्या विकारातून आलेल्या डिमेन्शियात पक्षाघाताच्या झटक्यांनंतर टप्प्याटप्प्याने घसरण होऊ शकते आणि रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांवर नियंत्रण ठेवणे हाच उपचाराचा कणा असतो. मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांची हानी करणारा फ्रंटोटेम्पोरल प्रकार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि त्यात वागणूक किंवा भाषा आधी बिघडते.

लेवी बॉडी (मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या प्रथिनाच्या गुठळ्या) या प्रकाराबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्यात चूक महागात पडते. या रुग्णांना माणसे किंवा प्राणी स्पष्ट दिसल्याचे भास होतात, सतर्कता दिवसभरात कमी-जास्त होते, हालचाली मंदावतात आणि झोपेत हातपाय झाडण्याची सवय कित्येक वर्षे आधीपासून असू शकते. भास थांबवण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखे मनोविकारांवरील औषध दिले गेले, तर शरीर ताठर होण्यापासून जिवाला धोका होण्यापर्यंत परिणाम होऊ शकतात. ज्या घरात हे निदान झाले आहे, त्यांनी ही गोष्ट रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी आणि रुग्णालयात दाखल करताना तोंडीही सांगावी.

औषधांकडून काय अपेक्षा ठेवावी

डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन ही औषधे काही रुग्णांमध्ये लक्षणे काही काळ सौम्य ठेवतात. मूळ आजार थांबवत नाहीत. पहिल्या तीन औषधांनी मळमळ, जुलाब किंवा नाडी मंदावणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या नव्या औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ती केवळ अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेत वापरली जातात, घसरण काहीशी मंदावतात, आणि मेंदूला सूज येणे किंवा बारीक रक्तस्राव होणे हा धोका असल्यामुळे पुनःपुन्हा एमआरआय करावे लागतात. गेलेली स्मृती परत आणण्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही उत्पादनावर पैसे घालवू नयेत.

कागदपत्रे आधी

निदान झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच, रुग्णाला समजून सही करता येते तोवर, मृत्युपत्र, बँक व्यवहारांचे अधिकार, विम्याची कागदपत्रे आणि उपचारांविषयीची त्याची इच्छा यांचा निपटारा वकिलाच्या सल्ल्याने करावा. क्षमता गेल्यानंतर हीच कामे न्यायालयीन प्रक्रियेत अडकतात. या चर्चेत रुग्णाला वगळू नये. कुठे राहायचे, कोणाच्या हातून काळजी घ्यायची, शेवटी रुग्णालयात जायचे की घरीच राहायचे, याची उत्तरे त्याच्याच तोंडून आलेली असली, की पुढे भावंडांमध्ये वाद होत नाहीत. वाहन चालवणे केव्हा थांबवायचे हाही विषय याच काळात डॉक्टरांच्या तोंडून काढून घ्यावा. डॉक्टरांचा शब्द मुलांच्या शब्दापेक्षा सहज स्वीकारला जातो.

बोलण्याची नवी रीत

घरातून सर्वांत आधी हद्दपार करायची सवय म्हणजे परीक्षा घेणे. ‘मी कोण आहे सांगा पाहू’, ‘सकाळी काय खाल्ले आठवते का’ हे प्रश्न प्रेमाने विचारले जातात, पण त्यातून मेंदूला व्यायाम होत नाही. समोरच्या माणसाला आपले अपयश तेवढे चारचौघांत दिसते. त्याऐवजी माहिती आपणच पुरवावी: ‘आजोबा, मी तुमची नात. आत्ताच शाळेतून आले.’

समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन, नाव किंवा नाते उच्चारून बोलायला सुरुवात करावी. दूरचित्रवाणी बंद असावी. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी आणि उत्तरासाठी दहा-पंधरा सेकंद थांबावे. हा विराम आपल्याला फार मोठा वाटतो, पण मधेच आपण दुसऱ्या शब्दांत तेच विचारले, तर मेंदूला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ‘काय घालायचे?’ या प्रश्नापेक्षा दोन कपडे हातात धरून ‘हा की हा?’ विचारणे सोपे पडते.

सत्य सांगायचे की नाही, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. आजी संध्याकाळी दाराशी उभी राहून ‘आई वाट पाहत असेल, मला घरी जायचे आहे’ म्हणतात. त्यांच्या आईला जाऊन चाळीस वर्षे झालेली असतात. ‘तुमची आई केव्हाच गेली’ हे उत्तर खरे असले, तरी त्यांच्यासाठी ती बातमी त्या क्षणी पहिल्यांदाच आलेली असते, आणि बातमी विसरली तरी तिचे दुःख उरते. या आजारात घटना पुसली जाते, तिने जागवलेली भावना मात्र बराच वेळ टिकते. म्हणून शब्दांना नव्हे, त्यामागच्या भावनेला उत्तर द्यावे: ‘तुम्हाला आईची आठवण येते आहे. त्या कशा होत्या हो?’ एवढे विचारून हात धरून दोन पावले आत चालत आणले, की बोलणे आईच्या आठवणींकडे वळते आणि दार मागे पडते. खोटी कथा रचण्याची गरज फार थोड्या वेळा पडते. मात्र रुग्ण शांतपणे, सरळ सत्य विचारत असेल, तर ते हळुवारपणे सांगण्याचा मार्गही खुला ठेवावा.

घराची मांडणी

सामानाची जागा एकदम बदलू नये. रुग्ण स्मृतीपेक्षा सवयीने घरात फिरत असतो. पायपुसणी, सैल सतरंज्या आणि वाटेतल्या तारा काढाव्यात. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा आणि शौचालयाचे दार उघडे राहू द्यावे, म्हणजे आतले भांडे दिसते. कमोडची बैठक, जमीन आणि भिंत एकाच रंगाची असली, तर बैठक कुठे आहे हे कळत नाही. गडद रंगाची बैठक लावल्यावर अनेकांचे अडलेले काम सुटते. याउलट उजळ फरशीवरची काळी चटई त्यांना खड्डा वाटते आणि ती ओलांडायला ते नकार देतात. अंधार पडल्यावर खिडकीच्या काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसून परका माणूस आल्याची भीती वाटते, म्हणून पडदे वेळेवर ओढावेत आणि त्रास होत असेल तर आरसे झाकावेत. औषधे, फिनेलसारखी द्रव्ये आणि धारदार वस्तू कुलपात ठेवाव्यात. गॅसचा मुख्य नॉब वापरानंतर बंद करावा.

अंघोळ

काळजी घेणाऱ्यांना सर्वाधिक थकवणारे काम कोणते असे विचारल्यास बहुतेक जण अंघोळ सांगतात. नकारामागे कारणे असतात: थंडी वाजते, कपडे उतरवण्याची लाज वाटते, डोक्यावर पडणाऱ्या पाण्याने दचकायला होते, घसरण्याची धास्ती असते, आणि मुख्य म्हणजे हा माणूस माझे कपडे का काढतो आहे, हेच कळत नाही.

माणूस आयुष्यभर सकाळी अंघोळ करत आला असेल, तर वेळ सकाळचीच ठेवावी. न्हाणीघर आधी उबदार करावे, पाणी आपल्या मनगटावर तपासावे, टॉवेल, साबण आणि कपडे वापरण्याच्या क्रमाने हाताशी मांडावेत, कारण मधेच काही आणायला जाणे म्हणजे त्याला ओल्या फरशीवर एकटे सोडणे. ‘अंघोळ करायची का?’ असे विचारले की ‘नाही’ हे उत्तर ठरलेले. ‘पाणी तयार आहे, चला’ असे सहज म्हणावे. त्याला खुर्चीवर बसवून खांद्यांवर आणि मांडीवर मोठा टॉवेल राहू द्यावा आणि टॉवेलखालूनच एकेक भाग धुवावा. सुरुवात पायांपासून करावी. डोके अखेरीस, किंवा वेगळ्या दिवशी. ओला पंचा त्याच्या हाती द्यावा, कारण चेहरा पुसण्याची हालचाल हाताला आठवते आणि स्वतः काही केल्याने विरोध मावळतो. तरीही नकार आलाच, तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. रोज पूर्ण अंघोळ झालीच पाहिजे असा वैद्यकीय नियम नाही. जांघा, काखा, त्वचेच्या वळ्या आणि हातपाय रोज स्वच्छ राहिले की बाकीचे एक दिवसाआड चालते.

जेवण आणि शौच यांबाबत सूत्र एकच आहे: ठरलेली वेळ आणि कमी पसारा. ताटात एका वेळी एक-दोनच पदार्थ असावेत आणि ताटाचा रंग अन्नापेक्षा वेगळा असावा. तहान लागल्याचे सांगितले जात नाही, म्हणून पाणी आपण होऊन पुढे करावे. दर दोन ते तीन तासांनी शौचालयात नेल्यास कपडे ओले होण्याचे प्रसंग कमी होतात. अचानक वारंवार लघवी होऊ लागली, तर तपासणी करून घ्यावी.

वागणुकीचे कोडे सोडवताना

चिडणे, ओरडणे, येरझाऱ्या घालणे, संशय घेणे यांच्यामागे बहुधा सांगता न येणारी एखादी गरज असते. प्रत्येक प्रसंगाच्या तीन गोष्टी लिहाव्यात: त्याआधी काय घडले, नेमके काय केले, आणि त्यानंतर आपण काय केले. आठवडाभरात आकृतिबंध दिसू लागतो. आरडाओरडा नेहमी कपडे बदलतानाच होत असेल, तर खांदा दुखत असण्याची शक्यता आहे. दुपारनंतरच होत असेल, तर थकवा किंवा भूक. दात, पोट, कान आणि नव्याने सुरू झालेली औषधे आधी तपासावीत.

‘माझे पैसे चोरले’ हा आरोप बहुतेक वेळा सर्वांत जास्त राबणाऱ्या व्यक्तीवरच येतो, आणि तो जिव्हारी लागतो. रुग्णाने पाकीट सुरक्षित राहावे म्हणून लपवलेले असते, लपवल्याची आठवण पुसलेली असते, आणि रिकामा कप्पा तेवढा समोर असतो. अशा वेळी ‘मी घेतले नाही’ असा बचाव वाद वाढवतो. ‘पाकीट सापडत नाही म्हणजे काळजीचेच. चला, मिळून शोधू’ असे म्हणावे आणि सापडण्याचे श्रेय त्यालाच मिळेल अशा बेताने शोधावे. लपवण्याच्या जागा सहसा ठरलेल्या असतात: उशीची खोळ, बुटांचे खोके, कपड्यांच्या घड्या. तसेच दिसणारे दुसरे पाकीट थोड्या नोटा घालून ठेवलेले उपयोगी पडते.

संध्याकाळी अस्वस्थता वाढत असेल, तर दुपारची झोप आवरती घ्यावी, सकाळच्या उन्हात चालणे ठेवावे, चहा-कॉफी दुपारनंतर टाळावी आणि अंधारण्याआधी दिवे लावावेत. बाहेर निघून जाण्याची सवय असेल, तर मनगटावर नाव आणि घरचा दूरध्वनी असलेले कडे घालावे, अलीकडचे छायाचित्र तयार ठेवावे आणि शेजाऱ्यांना विश्वासात घ्यावे. घरात त्याला एकटे असताना बाहेरून कोंडून जाऊ नये. आग लागल्यास सुटकेचा मार्गच उरत नाही.

हे सर्व करूनही स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याइतकी आक्रमकता राहिली, तर औषधांचा विचार होतो. मनोविकारांवरील अँटिसायकोटिक औषधांनी डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये दिला. त्यामुळे ही औषधे कमीत कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी द्यावीत आणि ‘ती केव्हा बंद करायची’ हे सुरू करतानाच विचारून घ्यावे.

काळजी घेणाऱ्याची पाळी

हा आजार अनेक वर्षे चालतो आणि घरोघरी एकच व्यक्ती, बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी, सगळा भार वाहते. इतर नातलगांनी ‘काही लागले तर सांगा’ म्हणणे पुरेसे नाही. आठवड्यातील ठरलेले तास, रात्रीची एखादी पाळी, खर्चातील वाटा, डॉक्टरांच्या भेटी अशी कामे नावानिशी वाटून कागदावर लिहावीत. झोप न लागणे, रुग्णावर हात उगारावासा वाटणे, स्वतःची औषधे चुकणे ही धोक्याची लक्षणे आहेत; ती दिसली की काही दिवसांसाठी काळजी दुसऱ्याकडे सोपवावी आणि स्वतःही डॉक्टरांना भेटावे. निवासी केंद्राचा पर्याय स्वीकारणे म्हणजे कर्तव्यात कसूर, असे मला वाटत नाही. रात्री दोघांनी उचलावे लागणाऱ्या माणसाला एकट्या वृद्ध पत्नीच्या हवाली ठेवणे हे अधिक धोक्याचे आहे.

शेवटचा टप्पा

या टप्प्यावर बोलणे काही शब्दांवर येते, चालणे थांबते आणि गिळणे अवघड होते. भरवताना पाठ सरळ ठेवून बसवावे, लहान घास द्यावेत, पहिला घास गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. खाताना वारंवार ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर, घशात पाणी अडकल्यासारखा येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी आणि माकडहाड, टाचा, घोटे रोज पाहावेत. त्वचेवरचा लालसरपणा दाबूनही पांढरा होत नसेल, तर ती जखमेची सुरुवात असते.

वेदना शब्दांत सांगितली जात नाही. कपाळावरच्या आठ्या, कण्हणे, आवळलेल्या मुठी, स्पर्श होताच अंग आखडणे, वेगाने चाललेला श्वास यांवरून ती ओळखून डॉक्टरांना कळवावी. नाकातून किंवा पोटातून नळी घालून अन्न देण्याचा प्रस्तावही याच काळात समोर येतो. डिमेन्शियाच्या अंतिम अवस्थेत अशा नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे आढळलेले नाही, आणि वृद्धांवर उपचार करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने नळीऐवजी हाताने, सावकाश भरवण्याचीच शिफारस केली आहे. नळी, कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि पुन्हा रुग्णालयात दाखल करणे या तिन्हींविषयी कुटुंबाचा निर्णय संकट उद्भवण्यापूर्वी उपशामक सेवा (आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणारी सेवा) देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून लेखी ठेवावा आणि त्याची एक प्रत रात्रपाळीला असणाऱ्याच्या हाताशी असावी.